जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेताना मी कशी फसले

जुना हॅसलब्लाड, म्हणजे मोठ्या निगेटिव्हचा (मीडियम फॉरमॅट) फिल्म कॅमेरा, घेताना माझी फसवणूक झाली, त्याला आता आठ महिने होतील. इतके दिवस काही लिहिलं नाही. आधी संताप होता, मग कुणाला सांगायची लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात पाहिली आणि गप्प बसणं मनाला पटेना. त्याचं नाव देत नाही. नाव बदलायला अशा माणसाला वेळ लागत नाही, पद्धत मात्र तीच राहते. ती ओळखता यावी म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी बरीच वर्षं पस्तीस एमएम फिल्मवर काम केलं. रोल घरीच धुते, प्रिंटही स्वतः काढते. मोठ्या निगेटिव्हची ओढ काय असते ते प्रिंट काढणाऱ्यालाच कळतं. पस्तीस एमएमची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. मीडियम फॉरमॅटची सहा बाय सहा (सेंटिमीटर) म्हणतात ती प्रत्यक्षात ५६ बाय ५६ ची, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. एका मैत्रिणीच्या यशिका मॅट या सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यावर एकदा रोल काढला, धुतला आणि लाइटबॉक्सवर ठेवला. सावलीतल्या भिंतीच्या करड्या छटा अशा उतरल्या होत्या की त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. दोन वर्षं पैसे बाजूला टाकत गेले.

पैसे जमेपर्यंत डोक्यात चार नावं घोळत होती: मामिया आरबी ६७, ब्रोनिका एसक्यू-ए, पेंटॅक्स ६७ आणि हॅसलब्लाड ५०० सीएम. कुठला घ्यावा हे ठरत नव्हतं, आणि याच अवस्थेत तो माणूस भेटला. भेटला म्हणजे फोनवरच. त्याच्याकडे यातल्या तीन सिस्टिम विकायला होत्या. मी विचारलं आरबीबद्दल. त्यावर तो पहिलंच वाक्य बोलला ते असं, "ताई, घाई करू नका. आधी तुम्ही काय फोटो काढता ते सांगा, मग मी सांगतो काय घ्यायचं." विकणारा माणूस घाई करू नका म्हणतोय, यानेच मी अर्धी जिंकली गेले.

पुढचे दोन आठवडे तो मला शिकवत होता. आरबी ६७ बद्दल म्हणाला, लेन्स आणि बॅक (मागे लागणारी फिल्मची पेटी) लावली की वजन अडीच किलोच्या वर जातं, बेलोजला (लेन्समागच्या घड्यांच्या भात्याला) घड्यांच्या कोपऱ्यांत बारीक भोकं पडतात, बॅकमधला फोम चिकट होऊन त्यातून प्रकाश शिरतो. ब्रोनिका इलेक्ट्रॉनिक आहे, सहा व्होल्टची बॅटरी संपली की फक्त १/५०० सेकंदावर चालतो, आणि कंपनीने कॅमेरे बनवणं कधीच बंद केलंय. पेंटॅक्स ६७ ला फोकल प्लेन शटर, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढे सरकणारा पडदा, त्यामुळे फ्लॅश १/३० च्या वर जुळत नाही. आरसा आपटतो तेव्हा हातात धक्का बसतो, आणि रोल अर्ध्यावर असताना बॅक बदलायची सोय नाही. मीटरवाला प्रिझम (वर लागणारा, उजेड मोजणारा व्ह्यूफाइंडर) आधी आणि लेन्स नंतर, हा क्रम चुकला तर आतली साखळी तुटते.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी प्रत्येक गोष्ट पडताळून पाहिली आणि प्रत्येक वेळी तो बरोबर निघाला. तीन कॅमेऱ्यांबद्दल खरं बोलणारा माणूस चौथ्याबद्दल खोटं बोलेल असं मनात आलंच नाही. हॅसलब्लाडबद्दलही तो खरंच बोलला: बॅटरी लागत नाही, शटर लेन्समध्ये असल्यामुळे फ्लॅश १/५०० पर्यंत जुळतो, बॅक मध्येच बदलता येते, काच झाइस या जर्मन कंपनीची. चंद्रावर हॅसलब्लाडच गेला होता, हेही सांगून झालं. (चंद्रावर १९६९ मध्ये गेला तो मोटर असलेल्या ५०० ईएलवरून खास बनवलेला कॅमेरा होता, ६० एमएमच्या बायोगॉन लेन्ससह. ५०० सीएम आला १९७० मध्ये. पण ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं.)

त्याने काय सांगितलं नाही हे मला फार उशिरा समजलं. बेलोजची भोकं अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावला की पाच मिनिटांत दिसतात, आणि बॅकचा फोम घरी बदलता येतो. ब्रोनिकाच्या शटरची वेळ इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे वेग सहसा नेमके राहतात, उलट जुन्या यांत्रिक शटरमधलं तेल घट्ट झालं की ते हळू पडतं. पण याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. दोन आठवडे आम्ही जे बोललो ते सगळं कॅमेऱ्यांच्या जातींबद्दल होतं. त्याच्या टेबलावर पडलेल्या त्या एका नगाबद्दल आम्ही काहीच बोललो नव्हतो. मी सिस्टिम निवडत होते आणि तो एक ठरावीक बॉडी, एक ठरावीक लेन्स आणि दोन ठरावीक बॅक विकत होता.

नग असा होता: ५०० सीएम बॉडी, "८५-८६ सालची". ८० एमएम एफ २.८ प्लॅनर लेन्स, क्रोम रंगाची, पुढच्या रिंगवर लाल टी-स्टार. एक ए-१२ बॅक, एक ए-२४ बॅक आणि हूड (लेन्सपुढे सावलीसाठी लागणारी कड). टी-स्टार म्हणजे झाइसचं बहुपदरी कोटिंग, समोरून प्रकाश आला तरी कॉन्ट्रास्ट टिकवणारं. मला माहीत होतं की जुन्या क्रोम लेन्स बहुतेक साध्या कोटिंगच्या असतात आणि टी-स्टार असलेल्या काळ्या. तसं विचारलं, तर उत्तर तयार होतं. "बदलाच्या काळातली आहे ताई, म्हणून तर दुर्मीळ. काळी सगळ्यांकडे असते." त्या दुर्मीळ शब्दाने माझी शंका विझली आणि हाव जागी झाली.

फोटो पाठवले होते चौदा, सगळे सुंदर. पांढऱ्या कागदावर कॅमेरा, खिडकीचा मऊ उजेड, लेन्स समोरून. त्यात बॅक काढलेला एकही फोटो नव्हता आणि लेन्समधून आरपार प्रकाश टाकलेलाही एकही नव्हता. शटर चालतानाचा व्हिडिओ होता, पण सगळे वेग १/६० आणि १/१२५ चे. मी एकदा म्हणाले की मागून टॉर्च लावून एक फोटो पाठवाल का. त्यावर तो जरासा दुखावल्यासारखा बोलला, "ताई, इतकी शंका असेल तर राहू द्या. दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे." दोन आठवडे ज्याने मला वेळ दिला त्याच्यावर संशय घेते आहे, याचंच मला वाईट वाटलं. त्याच रात्री सगळी रक्कम थेट त्याच्या खात्यावर पाठवली.

खोका आला तेव्हा पहिली विसंगती लगेच दिसली. बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या गुंडाळलेल्या होत्या, आणि लेन्सचं शटर चढवलेलं (स्प्रिंग ताणून तयार ठेवलेलं) नव्हतं. हॅसलब्लाडमध्ये बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या असतील तरच जोडायच्या किंवा काढायच्या. नाहीतर दोन्हींतले दांडे जुळत नाहीत आणि कॅमेरा जॅम होतो. हा कॅमेरा रोज हाताळणारा माणूस लेन्स अशी सुटी आणि उतरलेली पाठवणार नाही. सुदैवाने एवढं मी वाचलं होतं. लेन्सच्या मागच्या खाचेत नाणं घालून ती लाल ठिपक्यापर्यंत फिरवली, मग बसवली. संध्याकाळी त्याला तसा मेसेजही केला, की नाण्याने चढवून घेतली, आता चालतंय, धन्यवाद. हा मेसेज पुढे माझ्याच अंगाशी आला.

हूड बसेना. माझ्या लेन्ससारख्या ८० एमएमच्या जुन्या सी मालिकेला बी-५० माप लागतं. पाठवलेला होता बी-६०, म्हणजे नंतरच्या सीएफ लेन्सचा. मला वाटलं, चुकून बदलला असेल. ए-२४ बॅकबद्दल त्याने सांगितलं होतं की एका रोलमध्ये चोवीस फोटो निघतात. निघतात, पण २२० फिल्मवर. त्या फिल्मला मागे कागद नसतो म्हणून तेवढ्याच स्पूलवर दुप्पट लांबी मावते. ती फिल्म आता सहजी मिळत नाही, आणि १२० चा रोल घातला तर फोटो बाराच, कारण फिल्मच तेवढी असते. त्या बॅकचे मी वेगळे पैसे मोजले होते.

पहिला रोल धुतला आणि ओल्या पट्टीकडे पाहतच राहिले. सातवी आणि आठवी चौकट एकमेकींवर चढली होती. जवळजवळ प्रत्येक चौकटीत एका कडेकडून आत येणारा काळा पट्टा होता, म्हणजे डार्क स्लाइडच्या (बॅकमधली फिल्म झाकणाऱ्या पत्र्याच्या) फटीतून प्रकाश शिरत होता. तो दोष मोठा नाही. तिथली सील स्वस्तात बदलून मिळते. पण खिडकीसमोर बसवून काढलेल्या चेहऱ्यांवर दुधासारखा पडदा होता. सावल्यांत काळं असं काही उरलंच नव्हतं. मी ज्या छटांसाठी दोन वर्षं थांबले होते त्या माझ्या साध्या पस्तीस एमएमच्या लेन्सने याहून चांगल्या दिल्या असत्या.

मग शटरचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. वेग एक सेकंदावर ठेवला आणि बटण दाबून धरलं. हळू वेगांना ते धरूनच ठेवावं लागतं. आधीच सोडलं तर बॉडीतले, फिल्मपुढचे दरवाजे बंद होतात आणि एक्स्पोजर मध्येच तुटतं. गिअरची कुरकुर सुरू झाली, मध्ये एकदा अडखळली, पुन्हा चालू झाली. रेकॉर्डिंगमध्ये मोजलं तर जवळजवळ दीड सेकंद. व्हिडिओत हळू वेग का नव्हते, ते तेव्हा कळलं.

माझ्या ओळखीत जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी माझं बोलणं ऐकलंच नाही. लेन्स हातात घेतली, ट्यूबलाइटखाली धरली आणि हळूहळू तिरपी करत राहिले. मग कपाटातून स्वतःची एक लेन्स काढून शेजारी धरली. "बघ, काय दिसतं?" त्यांच्या लेन्समध्ये ट्यूबची प्रतिबिंबं मंद होती, गडद जांभळी आणि हिरवट. माझ्यात ती उजळ होती, फिकट निळी आणि पिवळसर. सहा-सात प्रतिबिंबांत हिरवं एकही नव्हतं. "हे टी-स्टार नाही," ते म्हणाले, "नुसती रिंग टी-स्टारची आहे."

मग त्यांनी भिंग दिलं आणि पुढच्या नावाच्या रिंगची आतली कड दाखवली. तिथे दोन ओरखडे होते, समोरासमोर, काळा रंग निघून खालचा धातू चमकणारे. ही रिंग फिरवून निघते. दुसऱ्या कुठल्यातरी मेलेल्या लेन्सची रिंग काढून या लेन्सवर बसवली होती, आणि काढताना किंवा बसवताना हत्यार घसरलं होतं. अशा लेन्सचा सिरियल नंबरही त्याच रिंगवर असतो. म्हणजे मी नंबर विचारून लेन्सचं साल काढलं असतं तरी ते दुसऱ्याच लेन्सचं आलं असतं. मला त्या क्षणी वाटलं ते नीट सांगता येणार नाही. खराब माल गळ्यात मारणं वेगळं. इथे कुणीतरी टेबलावर बसून, सावकाश, माझ्यासारख्या माणसासाठी ही रिंग फिरवून बसवली होती.

काकांनी बॅक काढली, वेग बी वर (बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं) ठेवला, बटण दाबून धरायला लावलं आणि मागून बारीक टॉर्च तिरपा टाकला. आतल्या काचेवर सगळीकडे धुक्यासारखा थर होता, आणि एका कडेला बुरशीचे धागे, कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक. आतल्या वंगणाची वाफ वर्षानुवर्षं काचेवर बसली की असं धुकं होतं, आणि ते कधीकधी पुसून निघतं. बुरशीने मात्र कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. त्यांच्या यंत्रावर १/५०० चा वेग जेमतेम १/२५० भरला. लेन्स उघडायची का विचारलं, तर म्हणाले, "उघडीन, साफही करीन. पण या जुन्या सिंक्रो-कॉम्पुर शटरची स्प्रिंग तुटली तर नवी कुठून आणू?"

बॉडीचा नंबर बॅक काढली की दिसतो. त्याच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात आणि त्यांतच साल दडलेलं असतं. हॅसलब्लाडची ती संकेताक्षरं अशी: व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९ आणि एस शून्य. ८५ सालच्या बॉडीवर आर-सी असायला हवं. माझ्या बॉडीवर होतं यू-एच, म्हणजे १९७२. बॅक काढलेला एकही फोटो का नव्हता, त्याचं उत्तर हे. ए-१२ बॅकच्या बाहेरच्या पेटीवर एक नंबर असतो आणि आतल्या फिल्म धरणाऱ्या भागावरही, आणि ते जुळायला हवेत. माझे जुळत नव्हते. दोन वेगवेगळ्या बॅकांचे अर्धे-अर्धे भाग एकत्र केले होते. खोक्यात जे आलं होतं ते एका माणसाचं जपून वापरलेलं "सिस्टिम" नव्हतंच. ती उरल्यासुरल्या भागांची जुळवाजुळव होती. न बसणारा हूड हेच पहिल्या संध्याकाळी सांगत होता.

सगळ्यात जास्त लागलं ते नमुन्याच्या फोटोंचं. "याच लेन्सने काढलेत" म्हणून त्याने चार स्कॅन पाठवले होते, एका म्हाताऱ्या माणसाच्या हातांचे. ते पाहूनच तर मी हो म्हणाले होते. त्यातल्या एका स्कॅनला निगेटिव्हची काळी कड तशीच राहिली होती. हॅसलब्लाडच्या बॅकची चौकट असली की एका बाजूच्या कडेला दोन बारीक त्रिकोणी खाचा उमटतात. माझ्या पहिल्या, बिघडलेल्या रोलवरही त्या होत्या. त्याच्या स्कॅनच्या चारही कडा सरळ होत्या. ते हात दुसऱ्याच कॅमेऱ्याने काढलेले होते, बहुधा दुसऱ्याच कुणीतरी.

त्याला फोन केला. सगळं शांतपणे मांडलं. रिंगबद्दल म्हणाला, मला आली तशी दिली, मला काय माहीत. सालाबद्दल म्हणाला, अंदाजे सांगितलं होतं. शटरबद्दल मात्र लगेच माझाच मेसेज मला वाचून दाखवला. "तुम्हीच लिहिलंय ना, नाण्याने फिरवली म्हणून? शटर तेव्हाच गेलं असणार." नाण्याने फिरवून चढवणं ही रीतच आहे, त्याने काही बिघडत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण खोका उघडतानाचं चित्रीकरण माझ्याकडे नव्हतं, आणि पैसे थेट खात्यावर गेलेले. मध्ये कुणी नव्हतंच ज्याच्याकडे दाद मागावी. तक्रार दिली आहे. अजून काही झालेलं नाही.

मला इतरांनी विचारलं की मग हॅसलब्लाड घेऊच नये का. तसं मी म्हणणार नाही. काकांकडचा त्यांचा ५०० सीएम मी चालवून पाहिला. त्याचं फिरवणं, त्याचा आवाज, पडद्यावर उमटणारं चित्र, सगळं मी वाचलं होतं तसंच आहे. पण नीट चालणारा ब्रोनिका माझ्या त्या हॅसलब्लाडपेक्षा शंभर पटीने चांगला कॅमेरा आहे, आणि हे मला आधी कळलं असतं तर मी चार नावांत इतकी अडकलेच नसते. आता कुठलाही कॅमेरा पाहते तेव्हा आधी लेन्समधून आरपार उजेड मागते, मग एक सेकंदाचा आवाज, मग बॅक काढून आतले नंबर. नमुन्याचा स्कॅन असेल तर कडेसकट, न कापलेला. आरबी असेल तर अंधारात बेलोज. पेंटॅक्स असेल तर आरसा वर जातो आणि परत येतो का, आणि साखळी शाबूत आहे का. सर्व्हिस झालेली आहे म्हणाले तर कुणी केली, केव्हा केली आणि त्याची पावती. एवढं मागितल्यावर चांगला विकणारा रागावत नाही, उलट खूश होतो, हे गेल्या काही महिन्यांत दोनदा अनुभवलं.

आता त्या जाहिरातीबद्दल. प्रकाशचित्रणाच्या वर्गातला एक मुलगा माझ्याकडे सल्ला मागायला आला. त्याला आरबी ६७ चा पूर्ण संच मिळत होता. विकणाऱ्याचे मेसेज त्याने दाखवले. "भाऊ, घाई करू नका. आधी काय फोटो काढता ते सांगा." पुढे हॅसलब्लाड का घेऊ नये ते लिहिलं होतं: लेन्स आणि बॉडी चढवलेल्या नसल्या तर जॅम होतो, जुन्या कॉम्पुर शटरचे भाग मिळत नाहीत, क्रोम लेन्सला सहसा टी-स्टार नसतं. सगळं खरं, माझ्याकडून ऐकलेलं किंवा मला दिलेलं. फोटो तसेच होते, पांढरा कागद आणि खिडकीचा मऊ उजेड.

मी त्या मुलाला तीन गोष्टी मागायला सांगितल्या: टॉर्चचा फोटो, एक सेकंदाचा व्हिडिओ आणि अंधारात बेलोजचा व्हिडिओ. त्याने माझ्यासमोरच मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं. "भाऊ, इतकी शंका असेल तर राहू द्या. दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे."